वाटी रिकामी द्यायची नाही



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत भांडण झालं. भांडण पैशाचं होतं, पण मध्येच त्यात धर्म शिरला, म्हणून आज ते तुमच्यापुढं मांडते. बाईचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. नेवासे तालुका, एवढं पुरे.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. त्यातल्या एकीनं दोन वर्षांपूर्वी शेळ्यांसाठी १२,००० रुपये घेतले. हजार-हजाराचे तीन हप्ते फेडले, आणि कारखाना सुरू झाल्यावर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली ती आलीच नाही. हंगाम संपला तरी नाही. फोन बंद. बँकेचं कर्ज गटाच्या नावावर, त्यामुळं राहिलेले ९,००० आम्ही अकरा जणींनी बचतीतून भरले. कुणाच्या लेकीचं पुस्तक राहिलं, कुणाचा दवाखाना राहिला.

यंदा ती परत आली. बैठकीत दाराशीच बसली. म्हणाली, मुकादमाची उचल फिटली नाही, तिकडंच राबावं लागलं, तोंड दाखवायची लाज वाटली. मला परत गटात घ्या.

आमच्यात एक ख्रिस्ती मावशी आहेत. वयानं सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, "घ्या गं तिला. चुकलेलं लेकरू घरी आलंय." त्यावर आमची सचिव फटकन बोलली, "मावशी, ते तुमच्या चर्चमधलं झालं. क्षमा तुमच्या धर्मात. इथं हिशेब असतो."

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे क्षमा माझी आणि हिशेब तुमचा? मग एवढी वर्षं मी हप्ते कशाला वेळेवर भरले?"

सगळ्या हसल्या. पण मला रात्री झोप लागेना. खरंच, क्षमा, दया, प्रेम ही ख्रिस्ती मूल्यं आणि आपली वेगळी, असं काही असतं का? का माणुसकी एकच आणि नावं वेगवेगळी?

बरंचसं तर एकच आहे, त्यात वाद नाही. खोटं बोलू नये, दुसऱ्याचं हिरावू नये, म्हाताऱ्या आईबापाला सांभाळावं, हे शिकायला कुणी बायबल उघडत नाही आणि पोथीही उघडत नाही. आपल्याला जे सोसणार नाही ते दुसऱ्याशी करू नये, हे महाभारतात आहे. येशूनं तेच दुसऱ्या बाजूनं सांगितलं: लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं तुम्ही त्यांच्याशी वागा.

आता आपला शेजारधर्म घ्या. शेजारणीनं कालवणाची वाटी दिली, तर आपण ती रिकामी परत देत नाही. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतो. फार सुंदर रीत आहे ही. पण खरं सांगू? त्यात देवघेव आहे. ज्या घरातून वाटी कधीच भरून येत नाही, त्या घरी आपली वाटी हळूहळू जायची थांबते.

बायबलातही शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय. मावशींनी मला ती गोष्ट सांगितली. एका शास्त्र्यानं येशूला विचारलं, माझा शेजारी कोण? तर येशूनं सरळ उत्तर दिलं नाही, गोष्ट सांगितली. वाटेत एकाला चोरांनी लुटून अर्धमेला टाकलं. त्याच्याच धर्माचा पुजारी बाजूनं निघून गेला, दुसरा धर्मसेवकही गेला. थांबला तो शोमरोनी. शोमरोनी म्हणजे ज्यांचा यहुदी लोक विटाळ मानायचे, ज्यांच्या हातचं पाणी घ्यायचे नाहीत, ते. त्यानं जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेलं, आणि वर खर्चाचे पैसे दिले. परतफेडीची आशा नाही. वाटी रिकामीच येणार, हे माहीत असून दिली.

मला वाटतं, वेगळेपण शोधायचं तर इथं शोधावं. मूल्य नवं नाही, पण शेजारी कुणाला म्हणायचं, ती रेघ पार गावाबाहेर नेऊन ठेवली आहे.

मग मी मावशींना विचारलं, तुमची माणसं तशी वागतात का? त्या म्हणाल्या, "काहीजण. माझ्या सासूबाई लहानपणी ख्रिस्ती झाल्या, तरी गावच्या आडावर त्यांना पाणी भरू दिलं नाही. आणि आमच्यातही लग्न ठरवताना मूळची जात कोणती हे विचारतातच." सांगून टाकलं बाईनं. झाकलं नाही.

उलट बाजूही बघा. आपल्या नेवाशातच ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या शेवटी ज्ञानोबांनी देवाकडं मागणं मागितलं, ते आपण शाळेत रोज म्हणायचो. त्यात दुष्ट मरोत असं मागितलेलं नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा जावो, त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो, असं मागितलंय. पैठणच्या नाथांची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. ते गोदावरीत अंघोळ करून यायचे आणि एकजण त्यांच्यावर थुंकायचा. ते पुन्हा अंघोळीला जायचे, पुन्हा तो थुंकायचा. नाथ चिडले नाहीत, उलट तुझ्यामुळं मला इतक्या वेळा गोदास्नान घडलं म्हणाले. हे शत्रूवर प्रेम नाही तर काय? म्हणजे आमच्या सचिवबाई चुकल्या. क्षमा चर्चमधली नाही.

पंडिता रमाबाईंची हकिकत मला यात फार महत्त्वाची वाटते. पुराणं मुखोद्गत असलेली ही बाई १८८३ साली इंग्लंडला गेली. तिथं लंडनजवळ फुलहॅमला ख्रिस्ती भगिनींचं घर त्यांनी पाहिलं. ज्यांना समाज 'वाया गेलेल्या' म्हणतो अशा बायकांना तिथं मायेनं सांभाळत होते. रमाबाईंनी विचारलं, या बायकांची तुम्हाला एवढी काळजी का? तेव्हा एका भगिनीनं त्यांना बायबलातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली बाई, आणि येशू तिच्याकडं पाणी मागतो. अशा बायकांवर दया करावी असं आपल्या शास्त्रांत आपल्याला सापडलं नाही, असं रमाबाईंनी पुढं लिहिलं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर केडगावच्या मुक्तीत त्यांनी दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली आणि विधवा आणून जगवल्या.

पण तीच बाई तिथल्या भगिनींशी भांडतही होती बरं का. मांसमच्छी खाल्ली नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर म्हणाल्या, मला न कळणारी भाषा कशाला, संस्कृत लिहा. ख्रिस्त घेतला, पण इंग्रजांच्या सवयी म्हणजे धर्म, हे मान्य केलं नाही.

आणि त्यांच्याही वीस वर्षं आधी, १८६३ साली, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी फसलेल्या विधवांसाठी बाळंतपणाचं घर उघडलं होतं. अशाच एका विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत पुढं डॉक्टर झाला. जोतिराव मिशनच्या शाळेत शिकले होते, पण ख्रिस्ती झाले नाहीत. रमाबाईंवर लोक तुटून पडले तेव्हा मात्र १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. एकीला ख्रिस्तात जे सापडलं ते दुसऱ्याला ख्रिस्ती न होता सापडलं, आणि दोघांचं एकमेकांवाचून अडलं नाही, तरी एकमेकांना ओळखता आलं.

असो. आमच्या बैठकीकडं येते, कारण तिथं मला आणखी एक कळलं.

पुढच्या आठवड्यात मावशींनी उधळ्या मुलाची गोष्ट सांगितली. बापाकडून वाटा घेऊन गेला, सगळा उडवला, भुकेनं परत आला, बापानं मिठी मारली. ऐकून आमच्यातली एक तरुण पोरगी म्हणाली, "मावशी, थोरला भाऊ काय म्हणाला?" मावशी म्हणाल्या, "तो रुसला. म्हणाला, मी एवढी वर्षं राबलो, मला एक करडूसुद्धा दिलं नाहीस." पोरगी म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. आपण थोरले भाऊ आहोत."

मला ते पटलं. बापानं स्वतःच्या घरचं वासरू कापलं होतं. आमच्या गटातले ९,००० अकरा जणींचे. माझा वाटा मी सोडू शकते. ज्या पोरीचं पुस्तक राहिलं तिच्या आईचा वाटा मी क्षमा म्हणून सोडला, तर ती दुसऱ्याच्या जिवावरची दया झाली. मावशींनाही हे लगेच कळलं. त्या म्हणाल्या, "माफ करायचं म्हणजे बुडवायचं असं मी कुठं म्हणाले? तिला आत घ्या, एवढंच म्हणाले."

शेवटी ठरलं ते असं. तिला गटात घ्यायचं. महिना ३०० रुपये फेडायचे, म्हणजे अडीच वर्षं. व्याज घ्यायचं नाही. पूर्ण फिटेपर्यंत नवं कर्ज नाही. आणि तिनं उंबऱ्यात बसायचं नाही, सतरंजीवर बसायचं. हे शेवटचं मावशींनी वहीत लिहून घ्यायला लावलं. सचिवबाई म्हणाल्या, ठरावात असलं लिहीत नाहीत. पण लिहिलं.

पहिला हप्ता आला. नंतरच्या बैठकीला ती आली नाही, तेव्हा सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. दोन दिवसांनी पैसे घेऊन सचिवबाईंच्याच घरी गेली. सचिवबाईंनी पैसे मोजले, पावती दिली. अजून तिच्याशी बोलत नाहीत. पण त्या दिवशी चहा दिला, असं ती सांगत होती.