कॅचरने बसावे कोठे?

आज मुख्यतः ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि त्यांच्यापलीकडे शहापूर-मुरबाडकडच्या शाळांत मुलांना खेळ शिकवणाऱ्या गुरुजींशी आणि बाईंशी बोलायचे आहे. बाकीच्यांनीही ऐकावे; तुमचा मुलगा किंवा मुलगी उद्या या खेळात उतरली, तर उपयोगी पडेल.

खेळ सॉफ्टबॉलचा. 1887 साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात, थंडीच्या दिवसांत छपराखाली खेळता यावा म्हणून, बेसबॉलवरून तो बेतला गेला. आता आपल्याकडच्या शालेय स्पर्धांतही तो खेळला जातो. पण आपली मुले मैदानावर उतरतात ती क्रिकेट अंगात मुरवूनच. कल्याणचे सुभाष मैदान घ्या, नाहीतर डोंबिवलीचे भागशाळा मैदान. संध्याकाळी तिथे चेंडूफळीशिवाय दुसरे काय दिसणार? तेव्हा सॉफ्टबॉलचा संघ बांधताना आपण काय करतो, तर क्रिकेटमधला यष्टिरक्षक उचलतो आणि त्याला कॅचर करतो. झेल पक्के, हात चपळ, मग अडचण कुठे आली?

अडचण पंचाच्या जागेत आहे. क्रिकेटचा पंच गोलंदाजाच्या टोकाला उभा असतो आणि यष्टिरक्षक त्याला समोर दिसतो. सॉफ्टबॉलचा मुख्य पंच उभा राहतो कॅचरच्या पाठीमागे. चेंडू येतो समोरून, आणि पंचाला तो पाहायचा असतो कॅचरच्या डोक्यावरून, खांद्याजवळून. म्हणजे कॅचर ही पंचाच्या खिडकीची चौकट झाली. ती वर सरकली की खिडकी लहान झाली.

हे मी ऐकीव सांगत नाही. मुलींच्या एका शालेय सामन्यात मी पंच होतो. शाळांची नावे सांगण्याचे कारण नाही. शेवटचा डाव, गुण बरोबरीत, तिन्ही बेसवर धावणाऱ्या मुली. कॅचर उंच, क्रिकेट खेळणारी, वेगवान गोलंदाजीला उभी राहावी तशी अर्धवट वाकून, मागे सरकून उभी. बॅटर मुलीच्या नावावर तीन बॉल झालेले. पिचरने चेंडू टाकला, तो गुडघ्याच्या सुमारास खाली उतरला, आणि नेमका तिथेच मला कॅचरचे डोके आडवे आले. मला चेंडू दिसला तो ग्लोव्हमध्ये, जमिनीलगत. न दिसलेला स्ट्राइक देऊ कसा? मी बॉल दिला. चौथा बॉल, बॅटर पहिल्या बेसवर, आणि तिसऱ्या बेसवरची मुलगी चालत घरी. सामना संपला. पिचर मुलगी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तो चेंडू चांगला होता, असे आजही मला वाटते. चूक तिची तर नव्हतीच. अर्धी माझी होती. मी वेळीच जागा बदलायला हवी होती. अर्धी तिच्या कॅचरला बसायला न शिकवणाऱ्यांची.

तर बसावे कसे? होम प्लेट पाचकोनी, तिची पिचरकडची बाजू 17 इंच रुंद. तिच्या मागे कॅचरची चौकट आखलेली असते, 8 फूट 5 इंच रुंद आणि 10 फूट लांब, आणि पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत कॅचरने त्या चौकटीतच राहायचे. दहा फूट लांबी पाहून मुलांना वाटते, सगळी आपलीच. तसे नाही. बॅटरच्या जवळ, पण बॅटच्या फेऱ्याबाहेर, ही खरी जागा. खूण सोपी आहे: बॅटर खेळायला उभी राहिली की कॅचरने उकिडवे बसून ग्लोव्हचा हात पुढे लांबवावा. तो बॅटरच्या मागच्या गुडघ्यापर्यंत जेमतेम पोचेल इतके अंतर पुरे. याहून मागे बसले की चेंडू आधी मातीत पडतो, पंचालाही मागे सरावे लागते, आणि दुसऱ्या बेसवरची फेक, जी मुळात सुमारे 85 फुटांची, ती आणखी लांबते.

फार पुढे गेले तर दुसरे संकट. ग्लोव्ह बॅटला लागला, तर तो बॅटरला केलेला अडथळा. पंच डावा हात आडवा धरतो आणि खेळ थांबला की बॅटरला पहिला बेस मिळतो. पुढे जे घडले तेच फायद्याचे असेल, तर तिचा संघ ते घेऊ शकतो. क्रिकेटवाल्या मुलांना हे पटकन समजते. 17 एप्रिल 2025 रोजी वानखेडे मैदानावर मुंबईचा रिकल्टन झेलबाद झाला होता, पण हैदराबादचा यष्टिरक्षक क्लासेन याचे हात यष्टींच्या पुढे आलेले दिसले, चेंडू नो-बॉल ठरला आणि फलंदाज वाचला. गोलंदाजाचा काय दोष? पण नियम तो नियम.

आता पंच कुठे उभा राहतो तेही कॅचरला दाखवा. तो कॅचरच्या अगदी पाठीशी नसतो. कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत, हनुवटी साधारण कॅचरच्या डोक्याच्या वर राहील अशा उंचीवर तो उभा असतो. कॅचर बॅटरच्या बाजूला सरकला की ती फट बुजते. सरकायचे असेल तर पिचरने हात फिरवण्याआधी सरकावे, म्हणजे पंचालाही सावरता येते. चेंडू हवेत असताना उडी मारून बाहेर जाणारा कॅचर पंचाचे डोळे आपल्याबरोबर ओढून नेतो, आणि मग कोपऱ्यावरचा चांगला चेंडूही त्याला बाहेरचा वाटतो. मोठ्या मुलींच्या खेळात पिचर 43 फुटांवर असते. ताशी 90 किलोमीटरने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदात पोचतो. तेवढ्यात पंचाने काय काय पाहावे?

काही मुले चेंडू झेलून ग्लोव्ह हळूच आत ओढतात, पंचाला फसवायला. त्यांना सांगा, स्ट्राइक ठरतो चेंडू प्लेटवरून जाताना. ग्लोव्ह कुठे थांबला यावरून नव्हे. ओढाओढीने पंच उलट सावध होतो. ग्लोव्ह स्थिर धरणाऱ्या कॅचरवर त्याचा विश्वास बसतो, हे मात्र अनुभवाने सांगतो.

धावणारी मुलगी घराकडे येते तेव्हाही हेच. चेंडू हातात नसताना वाट अडवायची नाही. पंच बाजूला येऊन ग्लोव्ह आणि धावणारी यांच्यामधली जागा पाहत असतो. तिथे पाठ करून उभे राहू नये, आणि बाद केल्यावर चेंडू उचलून दाखवावा.

एक गोष्ट शाळांना सांगायची. सामान थोडे असते हे ठाऊक आहे. पण तोंडावरचा मास्क, गळ्याचे रक्षण, छातीचे कवच आणि नडगीचे पॅड नसतील, तर वर सांगितलेल्या जागेवर कुठल्याही मुलाला बसवू नका, सरावातसुद्धा नको. मोकळा हात पाठीमागे किंवा घोट्यामागे, मूठ वळून ठेवायला शिकवा, बोटे वाचतात. मुले मागे मागे सरकतात ती बहुधा भीतीने, आणि ती भीती खरी असते.

पावसाळा सरून मैदान वाळले की फक्कीने प्लेट आणि चौकट आखा. पिचर, बॅटर, कॅचर यांना जागेवर उभे करा आणि तुम्ही स्वतः मास्क चढवून मागे पंचाच्या जागी वाका. वीस-पंचवीस चेंडू नुसते पाहा. गुडघ्याजवळचा चेंडू दिसेनासा झाला, तर पुढे होऊन कॅचरचा खांदा धरा आणि तिला चार बोटे खाली बसवा. सामन्यात पंचाला तसे करता येत नाही.