कोणाच्या शेजारी कोण बसते?

(शिक्षणविषयक व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



लोकशाही आणि शिक्षण असा विषय निघाला की आपण बहुधा नागरिकशास्त्राच्या पुस्तकापाशी येऊन थांबतो. मुलांना राज्यघटनेची उद्देशिका पाठ असावी, वर्गप्रमुखाची निवडणूक व्हावी, की झाले! यात गैर काही नाही. परंतु शिक्षण लोकशाहीचे आहे की नाही, याची परीक्षा वर्गाच्या दाराशी होते. आत कोण आहे, कोणाच्या शेजारी बसले आहे आणि बाहेर कोण राहिले आहे?

बाहेर कोण राहिले, हा प्रश्न महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे रोखठोकपणे मांडला. सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी. महाराज सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत तसा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केला. ब्रिटिश मुलुखात मात्र नामदार गोखल्यांचे अतिशय सौम्य असे विधेयकही मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधात केवळ परके सरकार नव्हते. आपल्यातील धनिक जमीनदारही होते. रयतेची पोरे शिकली तर शेतात कोण राबणार, ही चिंता आपल्याही घरची होती, हे विसरून चालणार नाही.

पण सर्वांना शाळेत आणले म्हणजे काम संपले काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू होते. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांनी आपल्या समाजाच्या संदर्भात अधिक धारदार केला. एकत्र जगण्याचा सराव शाळेत झाला नाही, तर तो पुढे कोठे होणार? मतदान केंद्राच्या रांगेत तर होत नाही!

राजर्षी शाहू महाराजांना हे नेमके उमगले होते. कोल्हापुरात १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले. पण मला त्याहून मोठा वाटतो तो १९१९ चा निर्णय. अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम त्यांनी दिला. वेगळी शाळा कितीही चांगली चालवली, तरी तिचा वेगळेपणा हाच पहिला धडा ठरतो.

त्याच वर्षी काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. मुलांची उपासमार होऊ नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. समरसतेवर आपण कितीतरी व्याख्याने देतो, हे आजचेही त्यांतलेच एक! त्या माउलीने ती चुलीपाशी शिजवली.

दुसरे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. बोर्डीत १९४५ मध्ये काम सुरू केल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. मुलींना बोल लावणे सोपे होते. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. पुढे कोसबाडला वारली मुले गुरे राखायला जातात, म्हणून शाळाच कुरणात नेली. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेचा साचा बदलावा, मुलाला छाटू नये. लोकशाही शिक्षणाचा याहून स्वच्छ अर्थ मला सांगता येणार नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी प्रवेशाच्या पातळीवर २५ टक्के जागा ठेवल्या. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. न्यायालयाचे काम झाले. आपले?

आपल्यापैकी अनेक जण शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहात, बहुतेक सारे पालक आहात. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा मुलगा आपल्या मुलाच्या वर्गात आला, तर आपण सहलीची वर्गणी ठरवताना त्याचा विचार करतो का? समितीच्या सभेला त्याच्या आईला बोलावतो, की नोंदवहीवर सही घेण्यासाठी माणूस धाडतो? तिची रोजंदारी बुडणार नाही अशी वेळ ठेवतो का? जून महिन्यात नव्या समितीची पहिली सभा असेल. ती संध्याकाळी सातनंतर ठेवावी आणि पहिला विषय मांडण्याची विनंती त्या आईला करावी, एवढाच प्रस्ताव मी आज आपल्यासमोर ठेवतो.