पाय झोपू देत नाहीत तेव्हा



आज झोपेविषयी बोलायचंय. झोप म्हटलं की तुमच्यातल्या निम्म्याजणी हसणार, मला ठाऊक आहे. 'ताई, झोपायला वेळ कुठंय?' खरंच आहे. लेकरू उठतं, म्हाताऱ्या माणसाचा खोकला असतो, शेतातल्या मोटरीची लाइट रात्रीचीच येते, पहाटे नळाचं पाणी. ही झोपमोड बाहेरून होते. पण एक झोपमोड अशी आहे, की लेकरू झोपलंय, घर शांत आहे, अंग थकून गेलंय, आणि तरीही झोप लागत नाही. कारण पाय झोपू देत नाहीत. आजचं बोलणं त्या पायांचं.

आधी एक छोटी गोष्ट चेन्नई शहरातली. तिथं कमी कमाईच्या ४५२ माणसांना महिनाभर कॉम्प्युटरवर माहिती भरायचं काम देऊन संशोधकांनी त्यांच्या झोपेचा अभ्यास केला. मनगटाला घड्याळासारखं यंत्र बांधलं होतं, रात्रीची हालचाल मोजणारं. तो अभ्यास २०२१ साली छापून आला. ही माणसं रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असायची, पण त्यांना झोप मिळायची जेमतेम साडेपाच तास. मग काहींना समजावून, साधनं देऊन रात्रीची झोप २७ मिनिटांनी वाढवली. कामात फरक दिसला नाही. ज्यांना दुपारी कामाच्या जागी अर्धा तास डुलकी घेऊ दिली, त्यांचं काम मात्र सुधारलं आणि मनही बरं राहिलं. संशोधकांना वाटतं, की रात्रीची झोप सारखी तुटत असेल तर ती थोडी लांबवून फार हाती लागत नाही. म्हणजे किती वेळ आडवं पडलो हे मोजून भागत नाही, झोप मोडते कशानं तेही बघायला हवं. (दुपारी पंधरा-वीस मिनिटं पाठ टेकवणाऱ्या सुनेला आळशी म्हणणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं.)

आता पायांकडे येऊ.

एका गटाच्या बैठकीत मी विचारलं, रात्री पाय कुणाचे वळवळतात? थोडा वेळ कुणी बोलेना. मग पन्नाशीच्या एक मावशी म्हणाल्या, 'मी तर रात्री अंगणात फेऱ्या मारते. पडलं की पायात आतून किडे फिरल्यासारखं होतं. चाललं की थांबतं. पुन्हा पडलं की पुन्हा सुरू. सासू म्हणायची, हिला बाहेरचं लागलंय. दोनदा उतारा केला.' शेजारी त्यांची लेक बसली होती. ती म्हणाली, 'आई, मलाबी तसंच होतंय की.' तिनं आईला ते कधी सांगितलंच नव्हतं. आणखी चौघीजणी पुढं बोलल्या. एक तर रोज पोटऱ्यांना ओढणी करकचून बांधून झोपते.

हे बाहेरचं नाही, मनाचे खेळ नाहीत आणि कामचुकारपणाही नाही. या त्रासाला नाव आहे: रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. आपण त्याला अस्वस्थ पायांचा आजार म्हणू. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी असे रुग्ण पाहून लिहून ठेवलं होतं. पुढं स्वीडनच्या कार्ल एकबोम यांनी १९४५ साली त्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं. ज्यांच्या शरीरात लोह कमी आहे त्यांना आणि गरोदर बायांना हा त्रास जास्त होतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९५३ साली स्वीडनच्याच नॉर्डलँडर या डॉक्टरांनी अशा रुग्णांना शिरेतून लोह दिलं आणि अनेकांचे पाय शांत झाल्याचं नोंदवलं. इतकी जुनी माहिती आहे ही. तरी आजही पाय वळवळणारी बाई दवाखान्यात गेली, की बहुतेक वेळा दुखण्याची गोळी आणि कॅल्शियम घेऊन परत येते.

यात डॉक्टरांचीच चूक असते असं नाही. हा त्रास सांगायलाच अवघड आहे. 'दुखतं का?' विचारलं तर बाई म्हणते, 'दुखतं असं नाही, पण कसंतरीच होतं.' कुणी म्हणतं हुळहुळतं, कुणी म्हणतं ओढतं, कुणी म्हणतं मुंग्या येतात. म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा शब्द शोधत बसू नका, खुणा सांगा. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. पडल्यावर किंवा बराच वेळ बसल्यावर सुरू होतं. कीर्तनात नाही तर रात्रीच्या एसटीत जीव नकोसा होतो. उठून चाललं, पाय चोळले की थांबतं, निदान चालत असेपर्यंत तरी. आणि दिवसा फारसं नसतं, संध्याकाळी आणि रात्री वाढतं. या चारही गोष्टी जुळल्या की डॉक्टरांना या आजाराचा विचार करावाच लागेल.

पायात गोळा येणं वेगळं. त्यात पोटरी दगडासारखी कडक होते, कळ येते आणि थोड्या वेळानं सुटते. पाय सुजत असतील, किंवा चाललं की जास्त दुखत असेल, तर तेही वेगळं. त्याची तपासणी वेगळी.

या आजाराच्या बहुतेकांचे पाय झोपेतही झटके देतात, ठरावीक वेळानं, पुन्हा पुन्हा. स्वतःला ते कळतही नाही. कळतं शेजारी झोपणाऱ्याला. 'रात्रभर लाथा मारतेस' अशी नवऱ्याची तक्रार असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. लाजायचं कारण नाही, ती खूणच आहे.

आता पायाचा आणि लोहाचा संबंध काय? पाय हलवायचे की स्वस्थ ठेवायचे, हे मेंदू ठरवतो. मेंदूत निरोप पोचवणारं डोपामिन नावाचं रसायन असतं, ते तयार व्हायला लोह लागतं. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. रक्तात लोह ठीक दिसत होतं, पण मेंदूभोवती फिरणाऱ्या त्या पाण्यात लोहाचा साठा कमी निघाला. शिवाय रक्तातलं लोह दिवसभर सारखं नसतं, संध्याकाळकडे उतरतं. पाय रात्रीच का सतावतात, त्याचं थोडं उत्तर यात असावं.

म्हणूनच 'माझं हिमोग्लोबिन बारा आहे, मला काय होतंय' असं म्हणून चालत नाही. हिमोग्लोबिन म्हणजे स्वयंपाकघरातला रोजचा डबा. फेरिटिन म्हणजे कणगी. डबा भरलेला दिसतो तेव्हाही कणगी तळाला गेलेली असू शकते. फेरिटिन ही रक्ताचीच तपासणी आहे, फक्त वेगळी सांगावी लागते. साध्या रक्त तपासणीत ती नसते आणि प्रत्येक गावच्या दवाखान्यात होतही नाही. तालुक्याला किंवा जिल्ह्याला विचारावं लागेल. पाय अस्वस्थ असलेल्या माणसाचं फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह देऊन बघावं, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. पण लॅबच्या कागदावर बायांसाठी याच्या कितीतरी खालचा आकडाही 'नॉर्मल' म्हणून छापलेला असतो. तेव्हा कागदावर नॉर्मल दिसलं म्हणून विषय सोडू नका, आकडा डॉक्टरांना दाखवा. ताप किंवा अंगात जंतुसंसर्ग असताना मात्र ही तपासणी करू नका, तेव्हा आकडा खोटाच वर चढतो.

आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायांना रक्तक्षय आहे, हे सरकारच्याच पाहणीत आलंय. मग हा आजार आपल्यात असणार नाही तर कुठं? पुरुषांपेक्षा बायांत तो जवळपास दुप्पट दिसतो. जर्मनीत २००४ साली छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत एक गोष्ट दिसली, जी मला फार बोलकी वाटते. मूल न झालेल्या बायांत हे प्रमाण पुरुषांइतकंच होतं. बाळंतपणं जितकी जास्त, तितका त्रास जास्त. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, पाचातल्या एकीला तरी हा त्रास होतो. बाळंतपणानंतर बहुतेकींचा थांबतो. नाही थांबला तर 'होईल कमी' म्हणत वर्ष काढू नका.

गोळ्यांचं बोलू. आशाताई गरोदर बाईला लाल गोळी देतात, रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. किती घरांत त्या पाकिटातच राहतात, हे आशाताईंनाच विचारा. शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतं, मळमळतं, म्हणून सोडून देतात. काळं होणं हे लोहाचंच आहे, घाबरू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. चहाबरोबर मात्र नको. चहा लोह शोषू देत नाही, दोहोंत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको, एक सकाळी, एक रात्री. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. पायांना आराम पडायला आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात, चार दिवसांत निकाल मागू नका. गोळीनं साठा वाढत नसेल तर डॉक्टर शिरेतून लोह देऊ शकतात.

एक सावधगिरी. सिकल सेल किंवा थॅलेसेमिया असलेल्यांच्या अंगात लोह आधीच जास्त असू शकतं. नंदुरबारकडच्या, गडचिरोली-विदर्भातल्या मैत्रिणींनी आणि घरात कुणाला हा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

आणि कणगीला खाली भोक असेल तर वरून किती ओतणार? पाळीत फार रक्त जात असेल तर त्याचा इलाज आधी व्हायला हवा. पाळीबद्दल बोलायला लाजतो आणि पायांसाठी बाम चोळत बसतो, असं फार बायांचं होतं.

सगळ्यांचं कारण लोहच असतं असंही नाही. काही घराण्यांतच हा त्रास चालत येतो, त्या मायलेकींसारखा. मूत्रपिंडाच्या आजारात होतो, मधुमेहात होतो. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या काही गोळ्या, उलटीच्या आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या तो वाढवतात. चालू असलेली गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना नावं दाखवा. मिश्रीचंही सांगते, राग येऊ देऊ नका. झोपताना मिश्री लावायची सवय अनेकींना आहे. त्यातलं निकोटिन मेंदूला जागं ठेवतं. निदान रात्रीची तरी सोडून बघा.

तोवर रात्र कशी काढायची? झोपण्याआधी पाय कोमट पाण्यात ठेवा, पोटऱ्या चोळा. संध्याकाळनंतरचा चहा बंद. ओढणी बांधून बरं वाटतं, कारण दाब पडला की वळवळ दबते. पण करकचून बांधलेल्या ओढणीनं रक्त अडतं, सैल ठेवा. आणि घरातल्यांना आज हे सांगा, की ही रात्री उठून चालते ती पायांसाठी. सासूबाई ऐकत असतील तर त्यांनाही विचारा, तुमचेही असेच व्हायचे का?

तपासणीचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या, मी सावकाश सांगते. फे-रि-टि-न. पुढच्या बैठकीत ती चिठ्ठी आपल्या आशाताईंना दाखवा आणि ही तपासणी जवळ कुठं होते ते विचारून घ्या.