उतारवयातील मृगया

शिकारीचा विषय निघाला की आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना संस्थानी काळ आठवतो. बडोदे आणि कोल्हापूर या संस्थानांत काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते शिकवून तयार करीत. चित्त्याच्या डोळ्यांवरील टोपी काढली, की धावण्याचे काम चित्ता करी आणि महाराज व त्यांचे पाहुणे गाडीत बसून ते पाहत. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची शिकारीची राने शिवपुरीस होती. तेथे आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे. अशा बड्या शिकारीत हाकारे रान उठवीत, सावज मचाणासमोर येई आणि पडलेले सावज उचलून नेण्यास माणसे हात जोडून उभी असत. शिकाऱ्याचे वय पन्नास आहे की सत्तर, याला तेथे फारसे महत्त्व नसे. वयाचा भार दुसऱ्यांची शरीरे वाहत. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा ठरली आणि भारतापुरता तो अध्याय मिटला.

परंतु ज्या देशांत हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि जेथे चित्ता, हाकारे व नोकर यांपैकी काहीच नसते, तेथे उतारवयातील शिकाऱ्याचे काय होते? अमेरिकेतील मिशिगन राज्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मोठमोठ्या सरोवरांनी वेढलेल्या या राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणे विपुल आहेत. ती पिकांची नासधूस करतात, रस्त्यावर मोटारींना आडवी येतात. त्यामुळे त्यांची संख्या आवरण्यासाठी परवान्याने शिकार करू दिली जाते. बंदुकीच्या शिकारीचा मुख्य हंगाम दर वर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि त्या दिवसाला तेथे सणाचे स्वरूप असते. कारखान्यातील कामगार, शेतकरी, शिक्षक, दुकानदार असे सारेच रानात जातात. मिळालेले मांस घरच्या हिवाळ्याची बेगमी होते. मात्र वडिलांचे बोट धरून रानात गेलेली पिढी आता साठी-सत्तरीला पोहोचली आहे, आणि तिच्या जागी येणारे तरुण थोडे आहेत.

अशा एखाद्या अडुसष्ट वर्षांच्या शिकाऱ्याचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून शिकारीला कायद्याने मुभा असते. म्हणून त्याआधीच, काळोखात, तो घराबाहेर पडतो. अंगावर जाड कपड्यांचे थर, वरती कायद्याने सक्तीचा केलेला भडक नारिंगी अंगरखा, पायांत जड बूट, खांद्यावर बंदूक आणि पाठीवर पिशवी. जमीन ओलसर, कधी बर्फाने झाकलेली. वर्षभर हा मनुष्य घरापासून मोटारीपर्यंत आणि मोटारीपासून दुकानापर्यंत चाललेला असतो. त्या पायांना आज एकाएकी अंधारातील खाचखळगे तुडवावयाचे असतात.

त्यातच थंडी. थंड हवेत त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर अधिक भार पडतो. मनुष्याचे हृदय जास्तीत जास्त किती वेगाने धडधडू शकते, याचा एक ढोबळ हिशेब डॉक्टर सांगतात : २२० मधून वय वजा करावे. तिशीतल्या माणसाला हा आकडा १९० येतो, अडुसष्टीच्या माणसाला जेमतेम १५२. रान तेच, टेकडी तीच, बंदुकीचे वजनही तेच. हाताशी असलेली शिल्लक मात्र घटलेली असते.

याच मिशिगन राज्यातील एका रुग्णालयाच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हरणांच्या शिकारीला जाणाऱ्या २५ पुरुषांच्या छातीवर हृदयाची नोंद घेणारे यंत्र बांधून त्यांना रानात पाठविले गेले. त्यांपैकी अनेकांना आधीपासूनच हृदयविकार होता. रुग्णालयातील चालत्या पट्ट्यावर त्यांची चाचणीही घेतलेली होती. निष्कर्ष विचार करावयास लावणारा निघाला : पट्ट्यावर ज्यांनी आपली कमाल गाठली होती, त्यांच्यापैकी दहा जणांच्या हृदयाचे ठोके रानात त्या कमाल मर्यादेच्याही पलीकडे गेले. याचे नवल वाटावयास नको. पट्ट्यावर चालताना थंडी नसते, ओझे नसते आणि मुख्य म्हणजे समोर हरीण नसते. झुडुपांतून शिंगे दिसताच शिकारी दगडासारखा निश्चल बसतो, पण त्याचे हृदय मात्र डोंगर चढू लागते.

मचाणाचा धोका निराळा आहे. तेथील मचाण म्हणजे झाडाला बांधलेली लोखंडी बैठक. ती सामान्यतः पंधरा-वीस फुटांवर असते. मचाणावरून पडणे हे तेथील शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे एक प्रमुख कारण आहे. पुष्कळदा पाय घसरतो तो शिडीवरून बैठकीवर जाताना किंवा बैठकीवरून शिडीवर उतरताना. उतारवयात तोल सावरण्यास क्षणभर अधिक लागतो आणि नेमका तोच क्षण अशा वेळी हाताशी नसतो. हाडे ठिसूळ झालेली असतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला बसलेला लहानसा मारही जिवावर बेतू शकतो. म्हणून जाणते शिकारी जमिनीवर असतानाच अंगाला पट्टे आवळतात, ते झाडाच्या दोराशी जोडून मगच चढू लागतात आणि रिकामी केलेली बंदूक मागाहून दोरीने वर ओढून घेतात. काहीजण वयाचा मान राखून मचाणाचा नाद सोडतात आणि जमिनीवरील कापडी आडोशात खुर्ची टाकून बसतात. हरीण तेथूनही दिसते.

तथापि सर्वांत मोठी कसोटी बार उडाल्यानंतर लागते. गोळी लागलेले हरीण पुष्कळदा जागीच पडत नाही. ते धावत जाऊन कोठेतरी गर्दीत कोसळते. अनुभवी लोक अर्धा तास थांबून मग रक्ताचा माग काढण्यास सांगतात, म्हणजे जखमी जनावर बिथरून आणखी दूर जात नाही. हा अर्धा तास हरणासाठी सांगितलेला आहे, पण उसळलेले हृदय ठिकाणावर येण्यासही तो उपयोगी पडतो. त्यानंतर वाकून जनावराचे पोट फाडून आतडी काढावयाची, आणि मग ते ओढीत न्यावयाचे. आतडी काढलेल्या मोठ्या नराचे वजन साठ-सत्तर किलो भरते. ते शिंगांना धरून, ओंडक्यांवरून, चिखलातून मोटारीपर्यंत खेचणे म्हणजे तालमीतील पैलवानाचे काम. तालीम सोडून तीस वर्षे झालेला मनुष्य ते एका श्वासात करू पाहतो आणि छातीत कळ आली तरी, ‘एवढे एकदा पुरे होऊ दे’ असे मनाशी म्हणतो. ही पुरे करण्याची हौसच घात करते. घसरगाडीवर घालून ओढणे, कायद्याची आडकाठी नसेल तेथे जागच्या जागी तुकडे करून थोडे थोडे नेणे, किंवा शेजाऱ्याला हाक मारणे, हे सारे उपाय सोपे आहेत. अवघड असते ती हाक मारणे. ज्याने चाळीस वर्षे कोणाची मदत घेतली नाही, त्याच्या तोंडून तो शब्द सहजी निघत नाही.

ज्यांना मृगयेचे स्वप्नही पडत नाही, त्यांनाही यात आपले काही सापडेल. वर्षभर बैठे काम करून एके दिवशी नातवंडांसह गड चढावयास निघणारे आजोबा आणि तो मिशिगनचा शिकारी यांच्या हृदयांत फारसा भेद नाही. अंगमेहनत रोज थोडी थोडी केली तर शरीर ती पचविते. वर्षाची मेहनत एका दिवसात मागितली तर ते हिशेब चुकता करते.

शिकाऱ्यापुढे मात्र आणखी एक प्रश्न असतो, आणि तो केवळ त्याच्या प्रकृतीचा नाही. वयाबरोबर डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, संधिप्रकाशात कमी दिसते, हात कापू लागतो. नेम चुकला आणि हरीण जखमी होऊन रानात तडफडत राहिले, तर म्हातारपणाचे मोल ते मुके जनावर देते. स्वतःच्या जिवाची जोखीम घेण्याचा हक्क मनुष्याला असेल. दुसऱ्या जिवाच्या वेदनेवर त्याला तसा हक्क सांगता येत नाही. हे ज्यांना उमगते, ते वृद्ध हंगाम आला की रानातील लाकडी खोपटात इतरांबरोबर जातातच. चूल पेटवितात, पोरांना माग ओळखावयास शिकवितात, संध्याकाळी कंदील घेऊन परतणाऱ्यांची वाट पाहतात. बंदूक भिंतीला टेकलेली असते. पहाटे सगळे बाहेर पडले, की ते दारात उभे राहतात, आणि एखादे हरीण पांढरी शेपटी उभारून समोरून निघून गेले, तर ते डोळे भरून पाहून घेतात.