पडद्यावरचें आकाश

इचलकरंजीला लागूनच कबनूर हें गांव आहे. इचलकरंजींत पहिला यंत्रमाग १९०४ सालीं आला. पुढें धंदा वाढत गेला, आणि मागांचा आवाज शेजारच्या गांवांतहि जाऊन पोंचला. आज कबनूरच्या कित्येक गल्ल्यांतून दिवसरात्र तोच खडखडाट ऐकूं येतो. नवख्या माणसाला तेथें झोप लागत नाहीं. तेथल्या माणसाला तो थांबला म्हणजे जाग येते. अशा गल्लींतील एक घर श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावें. मागावर पाळी करणारा बाप, घर सांभाळून कांड्या भरणारी आई, म्हातारी आजी आणि आठ वर्षांची मुलगी. त्यांचीं नांवें विचारण्याचें कारण नाहीं. अशीं घरें तेथें थोडीं नाहींत.

या घरीं संध्याकाळचें जेवण झालें कीं बाप आणि मुलगी दूरचित्रवाणीसमोर बसतात. दोघांची आवड एकच: अंतराळाच्या कल्पित कथा. ही आवड भारतीय घरांना नवी नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका दाखविली गेली. मागून 'स्पेस सिटी सिग्मा' ही हिंदी मालिका आली. १९९८ सालीं 'कॅप्टन व्योम' आला. हा बाप त्या वेळीं दहा वर्षांचा होता आणि शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर बसून ती मालिका पाहत असे. आतां संच स्वतःच्या घरांत आहे, आणि मांडीवर मुलगी आहे. उंबऱ्यापासून मांडीपर्यंतचा हा प्रवास त्याला कोणत्याहि अंतराळप्रवासापेक्षां लहान वाटत नाहीं.

एके रात्रीं पडद्यावर एक यान फुटलें. धडाका असा झाला कीं आजी दचकून उठली. मुलीनें मान वळवून विचारलें, "बाबा, हे खरं व्हय?"

या प्रश्नाला घरोघर तीन उत्तरें मिळतात. कोणी म्हणतें, "गप बस, बघू दे." कोणी म्हणतें, "होय, खरंच." आणि कोणी म्हणतें, "सगळं खोटं असतं." तिन्ही उत्तरांनीं प्रश्न मिटतो, आणि मिटलेला प्रश्न मुलाच्या मनांत पुन्हां सहसा उघडत नाहीं. या बापाचें शिक्षण दहावीपर्यंतचें. त्यानें चौथें उत्तर दिलें. तो म्हणाला, "मला ठाऊक नाही, बाळ. उद्या तू शाळेत बाईंना विचार. मीही पाळीवर कुणाला तरी विचारतो." मुलीसमोर आपलें अज्ञान कबूल करणें कोणत्याहि बापाला सोपें नसतें, पण त्या एका वाक्यानें तो तिचा सोबती झाला.

बाईंनीं सांगितलें तें असें: ध्वनीला जाण्यासाठीं हवा, पाणी किंवा एखादी घन वस्तु लागते. अंतराळ जवळजवळ निर्वात आहे. म्हणून तेथें यान फुटलें तरी दूरच्याला धडाका ऐकूं येणार नाहीं. मुलीला तें पटेना. तेव्हां बापानें तिला मागाच्या खोलीबाहेर नेलें, दोन्ही कान तिच्याच दंडांनीं झांकवून घेतले आणि तळवे भिंतीला टेंकविले. आवाज मंदावला, पण भिंतींतली थरथर तळव्यांना लागली. तो म्हणाला, "चंद्रावर हवा नाही. तिथं आपला माग लावला तर कानाला काही कळायचं नाही. हाताला तेवढं कळेल." कबनूरच्या पोरीला शांतता ही वस्तु त्या दिवशीं प्रथम समजली. चंद्रावर माग मुका असतो, ही गोष्ट तिनें गल्लींत सर्वांना सांगितली.

पडद्यावरच्या कल्पनेंत खोट असते, तसें सत्याचें बींहि असते. घराच्या छपरावर जी वाटोळी छत्री बसविलेली आहे ती एकाच दिशेला कां टक लावून असते? १९४५ सालीं आर्थर सी. क्लार्क या इंग्रज लेखकानें एका नियतकालिकांत मांडिलें कीं, विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेविल्यास तो पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरेल आणि खालून पाहणाराला एका जागीं खिळल्यासारखा दिसेल. असे तीन उपग्रह असले तर जवळजवळ साऱ्या जगाला संदेश पोंचवितां येतील. त्या वेळीं माणसाचा एकहि उपग्रह आकाशांत नव्हता. पहिला गेला तो १९५७ सालीं. हाच क्लार्क पुढें विज्ञानकथाकार म्हणून जगभर गाजला. त्यानें कागदावर मांडलेली वाट आज कबनूरच्या छपरापर्यंत येऊन पोंचली आहे.

या वाटेवर मराठी पाऊलहि आहे. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ सालीं कोल्हापुरांतच झाला. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें. मोठ्या शास्त्रज्ञाची कथा म्हणून तिला झुकतें माप मिळूं नये, एवढ्यासाठीं. कथेला बक्षीस मिळालें. गोष्ट कल्पित असली तरी तिच्या पायाखालचें शास्त्र भक्कम असावें, हा त्यांचा आग्रह २०२५ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत कायम होता.

आजीला मात्र हें सारें रुचत नसे. ती म्हणे, "पोरीच्या डोक्यात हे कशाला भरवतोस? रॉकेट काय भाकरी थापतंय व्हय? उद्या मोठी झाली, नि ते मिळालं नाही, तर रडत बसंल की!" या बोलण्यांत केवळ जुनेपणा नाहीं. आपल्या घराची ऐपत किती आणि पोरीची झेप किती, ही काळजी त्यांत आहे, आणि ती खरी आहे. बापाजवळ तिला उत्तर नव्हतें. तो फक्त ठाऊक होतें तें सांगे: २०१९ सालच्या चांद्रयान-२ या मोहिमेच्या प्रकल्प-संचालिका मुथय्या वनिता आणि मोहीम-संचालिका रितु करिधाल या दोघी बायकाच होत्या. त्या वर्षीं ७ सप्टेंबरला पहांटेपूर्वीं चंद्रावर उतरतां उतरतां 'विक्रम' कोसळला. मालिकेंतील नायक अर्ध्या तासांत संकटांतून सुटतो; येथें पुढची चार वर्षें चुका शोधण्यांत गेलीं. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं संध्याकाळीं सहाच्या सुमारास चांद्रयान-३ उतरलें, तें या घरानेंहि एकत्र बसून पाहिलें. तेव्हां आजीनेंहि टाळी वाजविली होती. पण काळजी गेली नव्हती.

मग कार्तिकी पौर्णिमा आली. पाळीचा खाडा पाडून बापानें सर्वांना खिद्रापुरास नेण्याचें ठरविलें. कुरुंदवाडवरून पुढें कृष्णेच्या कांठीं तें गांव आहे. बाराव्या शतकांतील शिलाहारकालीन कोपेश्वराचें मंदिर तेथें उभें आहे. आजी निघाली त्रिपुरी पौर्णिमेच्या दर्शनाला. बाप निघाला चंद्र दाखवायला. आईनें भाकऱ्या, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. दोन वाटांचीं माणसें एकाच गाडींतून एकाच देवळाला गेलीं.

मंदिराच्या पुढील स्वर्गमंडपाला छत असें पूर्ण नाहीं. मध्यभागीं सुमारें १३ फूट व्यासाचें गोल आकाश मोकळें ठेविलें आहे; भोंवतीं अठ्ठेचाळीस खांब, आणि बरोबर खालीं एक वाटोळी शिळा. या दिवसांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस गेलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र त्याच्या समोरच्या बाजूस, म्हणजे उत्तरेस असतो, आणि खिद्रापूर १६ ते १७ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे. म्हणून मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र जवळजवळ माथ्यावर येतो आणि त्या गोलांत उतरतो. गर्दी हळूहळू निःशब्द झाली. बापाच्या खांद्यावर बसलेली मुलगी वर पाहत राहिली. कबनूरचा खडखडाट फार मागें राहिला होता, आणि चंद्रावरची ती मुकी शांतता जणूं मंडपांत भरली होती. ३,८४,००० किलोमीटरांवरून निघालेला तो प्रकाश सव्वा सेकंदाच्या सुमारास खालच्या शिळेवर येत होता.

बराच वेळानें ती वांकून बापाच्या कानाशीं म्हणाली, "बाबा, हे कुणी मोजलं?"

'हें खरें काय' येथून 'हें कुणीं मोजलें' येथवर ती आली होती. पडदा तिला प्रश्नापर्यंत घेऊन आला, आणि खांद्यावर घेऊन आकाशाखालीं नेणाऱ्या माणसानें तिला दुसऱ्या प्रश्नापर्यंत नेलें. पडद्याशिवाय कदाचित् ती निघालीच नसती. खांद्याशिवाय मात्र ती पडद्यापाशींच राहिली असती. दूरचित्रवाणीनें मुलें बिघडतात कीं सुधारतात, या वादाचा निकाल बहुधा संचांत नसून त्याच्या शेजारीं कोण बसलें आहे, यांत असतो.

बापाला उत्तर ठाऊक नव्हतें. तो कांहीं बोलण्यापूर्वींच शेजारीं हात जोडून उभी असलेली आजी, वरची दृष्टि न काढतां, म्हणाली, "उद्या बाईंना विचार की. आणि काय सांगतील ते मलाबी सांग."