वाङ्निश्चयाची अंगठी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षांत आजचा दिवस कुटुंबांसाठीं राखून ठेविलेला आहे. पुढच्या बांकांवर लग्नाचीं पन्नास वर्षें पूर्ण केलेलीं जोडपीं बसलीं आहेत. मागें, दारापाशीं, ज्यांचीं लग्नें ठरलीं आहेत किंवा ठरावयाचीं आहेत अशीं मुलें व मुली उभीं आहेत. आणि या दोहोंच्या मधोमध आईबाप बसले आहेत, ज्यांना उद्यांच्या खर्चाची काळजी आहे. अशा सभेपुढें बोलण्यासाठीं आम्हीं जो विषय निवडला आहे तो ऐकून कित्येकांस हसूं येईल. तो विषय म्हणजे वाङ्निश्चयाची अंगठी. एवढ्याशा वस्तूवर धर्मगुरूनें भाषण तें काय करावें, असें कोणी म्हणेल. परंतु वस्तु लहान असली तरी तिच्यावरून होणारे रुसवेफुगवे लहान नसतात, हें धर्मग्रामाच्या कचेरींत बसणारास चांगलें ठाऊक असतें.

प्रथम आपल्या भाषेकडेच वळूं. लग्न ठरविण्याच्या विधीस मराठींत दोन शब्द आहेत. एक वाङ्निश्चय, म्हणजे वाचेनें केलेला निश्चय. दुसरा साखरपुडा, म्हणजे साखरेचा पुडा. पहिल्यांत शब्द आहे, दुसऱ्यांत गोडवा आहे; सोनें दोहोंतही नाहीं. दोन घरांनीं एकमेकांस दिलेला शब्द, आणि त्या आनंदांत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडांत पडलेली चिमूटभर साखर, हेंच या विधीचें मुख्य अंग मानलेलें दिसतें. अंगठी मागाहून आली. ती आली हें वाईट झालें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मागाहून आलेल्या पाहुण्यानें यजमानास घराबाहेर काढूं नये, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

पवित्र शास्त्रांतील उत्पत्तीच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय आपण आठवावा. अब्राहामाचा सेवक इसहाकासाठीं वधू शोधावयास निघतो. बरोबर दहा उंट आणि धन्याची पुष्कळ संपत्ति असते. विहिरीपाशीं त्याला रिबेका भेटते. तो तिला दागिने दाखवीत नाहीं, पाणी मागतो. ती त्याला पाणी पाजते, आणि त्यानें न मागतां त्याच्या उंटांसाठींही शेंदते. तो मुकाट्यानें पाहत राहतो. उंट पिऊन तृप्त झाल्यावर मगच अर्ध्या शेकेलाची सोन्याची नथ आणि दहा शेकेलांच्या बांगड्या बाहेर निघतात. शास्त्रकारानें वजनें सुद्धां नोंदून ठेविलीं आहेत. म्हणजे दागिन्यांची नोंद घेणें हें पाप नव्हे. परंतु कथा तेथें संपत नाहीं. दुसऱ्या दिवशीं घरचीं माणसें मुलीला बोलावून तिची इच्छा विचारतात, आणि ती आपल्या तोंडानें होकार देते. सोनें अंगावर चढल्यानंतरही तिला विचारावें लागलें, हें ध्यानांत घ्या. सोन्यानें तिचें उत्तर विकत घेतलेलें नव्हतें.

बोटांत अंगठी घालून लग्न ठरविण्याची चाल ख्रिस्तसभेंत रोमन लोकांपासून आली. पहिल्या शतकांतील प्लिनी नांवाचा ग्रंथकार लिहितो कीं, त्याच्या काळांतही वाग्दत्त वधूकडे लोखंडाची आणि बिनखड्याची अंगठी पाठविण्याची रीत होती. पुढें लोखंडाचें सोनें झालें. बल्गेरियांतील नवख्रिस्ती लोकांनीं लग्नविधीविषयीं रोमला प्रश्न विचारले, तेव्हां पोप पहिले निकोलस यांनीं ८६६ सालीं त्यांस सविस्तर उत्तर पाठविलें. वर वधूच्या बोटांत निष्ठेची खूण म्हणून अंगठी घालतो, मग देणेंघेणें ठरतें, मग देवळांत आशीर्वाद होतो, असा सर्व क्रम त्यांनीं सांगितला. परंतु त्याच पत्रांत ते म्हणतात कीं, यांतलें कांहीं राहून गेलें तर तें पाप नव्हे. कारण दारिद्र्यामुळें पुष्कळांस हें सर्व जमत नाहीं. ज्या दोघांचें लग्न आहे त्या दोघांची संमति असली म्हणजे पुरे. बंधुभगिनींनो, साडेअकराशेंहून अधिक वर्षांपूर्वीं रोमच्या गुरुपीठावरून गरिबाची अशी कड घेतली गेली. आजच्या धर्मसंहितेंतही, म्हणजे १९८३ च्या संहितेच्या १०५७ व्या कलमांत, तेंच तत्त्व आहे: लग्न संमतीनें होतें, आणि त्या संमतीची जागा दुसरी कोणतीही मानवी सत्ता भरून काढूं शकत नाहीं.

मग हिरा कोठून आला? अठराव्या शतकांत ब्राझिलांत खाणी सांपडेपर्यंत युरोपांत हिरा जात असे तो मुख्यत्वें आपल्या देशांतून, गोवळकोंड्याच्या बाजूनें. आणि तो राजेरजवाड्यांच्याच बोटांत दिसे. १८६७ पासून दक्षिण आफ्रिकेंत हिरे सांपडूं लागले, १८८८ सालीं डी बिअर्स कंपनी स्थापन झाली, आणि एवढ्या हिऱ्यांस गिऱ्हाईक मिळविणें भाग पडलें. आपला देश स्वतंत्र झाला त्याच १९४७ सालीं अमेरिकेंतील एका जाहिरात-संस्थेंतील फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेनें हिरा चिरंतन असल्याचें प्रसिद्ध घोषवाक्य त्या कंपनीसाठीं लिहिलें. हिरा सुंदर आहे, तो घ्यावा कीं घेऊं नये हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु हिऱ्यावांचून वाङ्निश्चय अपुरा, ही समजूत ना ख्रिस्तसभेची आहे, ना आपल्या वाडवडिलांची. ती दुकानदारीची आहे.

आपल्या वसईंतील सोनें निराळ्याच वाटेनें घरांत आलें. १८६७ सालच्या एप्रिलांत विरारहून मुंबईकडे पहिली लोकल गाडी निघाली. त्या रेल्वेनें पुढें आपल्या आयाबायांच्या कितीतरी पिढ्या भाजी, फुलें, केळीं व दूध घेऊन मुंबईच्या बाजारांत गेल्या. टोपली रिकामी करून आणलेल्या पैशांतून थोडें थोडें बाजूला पडे, आणि कधींतरी त्याचें सोनें होई. आधीं घाम, मग सोनें, असा तो क्रम होता. म्हणूनच आजारपणांत किंवा मुलाच्या शिक्षणासाठीं तें सोनें उपयोगी पडे. आज कित्येक घरांत क्रम उलटा झाला आहे: आधीं अंगठी, मग तीन वर्षें हप्ते. नव्या संसाराच्या पहिल्याच महिन्यांत जें सोनें पगार खातें, त्याला ठेवा कसें म्हणावें?

परंतु कर्जापेक्षां मोठें संकट दुसरेंच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं, आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, लग्नाला सहा आठवडे उरले असतां एक मुलगी एकटीच कचेरींत आली. तिची अनुमति आहे म्हणून सांगतों. नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. नियोजित वरानें आपलें कर्ज तिच्यापासून लपविलें होतें, आणि विचारलें असतां तो उत्तर देण्याऐवजीं रागें भरत असे. तिच्या मनांत मोठी शंका उत्पन्न झाली होती. तरी आम्हांपुढें ती बोलत होती तें अंगठीला किती पडले, हॉलला किती पडले, पत्रिका किती वांटल्या, हेंच. शेवटीं तिनें हात पुढें केला आणि म्हणाली, "फादर, एवढी महाग अंगठी घातल्यावर आतां नाहीं कसें म्हणूं?" त्या लपविलेल्या कर्जांत या अंगठीचेंही कर्ज होतें, हें मागाहून कळलें. आम्हीं तिला एवढेंच सांगितलें, "हो म्हणावयाचें कीं नाहीं, तें तूं ठरव, बाळ. अंगठीला ठरवूं देऊं नकोस." तें लग्न झालें नाहीं. अंगठी परत गेली; सोनारानें घडणावळ वजा करून पैसे दिले; तेवढ्या नुकसानीवरून दोन घरांत पंधरा दिवस भांडण चाललें आणि मिटलें. ती मुलगी आज दुसऱ्या घरीं सुखानें नांदत आहे.

म्हणून, मुलांमुलींनो, अंगठी निवडण्याची आमची पहिली कसोटी ही कीं, ती इतकी जड नसावी कीं लग्नापूर्वीं बोटांतून काढतांच येऊं नये. धर्मसंहितेचें १०६२ वें कलम सांगतें कीं, लग्नाचें वचन मोडलें तर नुकसानभरपाई मागतां येते, परंतु त्या वचनाच्या जोरावर लग्न करण्यास कोणालाही भाग पाडतां येत नाहीं. लग्नापूर्वीं आम्ही तुम्हां प्रत्येकास एकेकटें बोलावून, तुम्ही राजीखुषीनें लग्न करीत आहां ना, असें विचारतों. तो प्रश्न केवळ कागद भरण्यासाठीं नसतो.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. पहिली ही कीं, दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं रक्कम ठरवावी, आणि घडणावळ व कर त्या रकमेंतच धरावे. जी रक्कम कर्ज काढल्याविना निघते तीच आपली रक्कम.

दुसरी गोष्ट, दोघांनीं मिळून जावें. जिला ती रोज घालावयाची आहे तिला विचारल्याविना अंगठी आणणें हें प्रेम खरें, पण अर्धवट. जी मुलगी रोज विरार लोकलच्या गर्दींत चढते, तिच्या अंगठीचें उंच कोंदण ओढणींत आणि पिशवीच्या बंदांत अडकतें. जी परिचारिका आहे तिला दिवसांतून अनेकदां हातमोजे चढवावे लागतात. अशांस बसक्या कोंदणाची किंवा साधी वळ्यासारखी अंगठीच बरी.

तिसरी गोष्ट शुद्धतेची. चोवीस कॅरट म्हणजे शुद्ध सोनें. बावीस कॅरटांत शेंकडा ९१.६ भाग सोनें, अठरा कॅरटांत ७५ भाग. बावीस कॅरट मऊ असल्यामुळें खड्याची अंगठी बहुधा अठरा कॅरटांत घडवितात; त्यांत फसवणूक नाहीं, मात्र भाव अठराचाच लावला पाहिजे. १६ जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्यानें लागू झाली आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यासोबत सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असावा लागतो. दोन ग्रॅमांहून हलक्या वस्तूस ही सक्ती नाहीं; तेव्हां तेथें पावतीवर शुद्धता लिहून घ्यावी. सोन्याचें वजन, खड्याचें वजन व घडणावळ हीं पावतींत वेगवेगळीं असावींत. आणि एक घोटाळा टाळावा: सोन्याचा कॅरट शुद्धता दाखवितो, हिऱ्याचा कॅरट वजन दाखवितो, एक कॅरट हिरा म्हणजे ग्रॅमाचा पांचवा हिस्सा.

चौथी गोष्ट खरेपणाची. आतां प्रयोगशाळेंत घडविलेले हिरे मिळतात. तेही अस्सल कार्बनाचेच असतात, नुसत्या डोळ्यांस फरक दिसत नाहीं, आणि किंमत पुष्कळच कमी असते. मात्र मागाहून विकावयास गेल्यास त्यांस फारसें मोल येत नाहीं. असा हिरा घेण्यांत कमीपणा नाहीं. पण तो सांगून द्यावा. ज्या नात्याची पहिली भेटच खोट्या गोष्टीवर उभी राहते, त्याला खऱ्या हिऱ्यानेंही बळ येत नाहीं. तसेंच आजीची जुनी अंगठी सोनाराकडून मापाला बसवून घेतली तरी ती नव्याइतकीच योग्य होय.

आईबापांनो, आपणांस एक विनंति. अंगठी मागूं नका. १९६१ चा हुंडाप्रतिबंधक कायदा मुलीच्या घरास जसा लागू आहे तसाच मुलाच्या घरासही आहे. आपखुषीनें दिलेली भेट तो मान्य करितो, मागणी मान्य करीत नाहीं. कायद्याची गोष्ट बाजूस ठेविली तरी, मागून मिळालेल्या वस्तूस भेट म्हणणें हा भाषेचा अपमान आहे. आणि शेजारच्या घरीं काय घातलें, हें आपल्या घरचें माप कधींच होऊं देऊं नका.

लग्नाच्या दिवशीं वेदीपुढें ज्या अंगठ्यांस आशीर्वाद मिळतो त्यांविषयीं एक गोष्ट सांगून आम्ही थांबतों. १६१४ च्या रोमन विधिग्रंथांत वधूच्याच अंगठीस आशीर्वाद देण्याची रीत होती. १९६९ च्या सुधारित विधींत वर आणि वधू दोघेंही एकमेकांस अंगठी देतात, कारण निष्ठेचें ओझें एकट्या बाईनें वाहावयाचें नाहीं. त्या वेळीं धर्मगुरु अंगठीचें वजन करीत नाहीं, तिचा भाव विचारीत नाहीं. तो तुमचे शब्द ऐकतो.

तरुणांनो, आज भोजनाच्या वेळीं पुढच्या बांकांवरील या आजीआजोबांच्या शेजारीं जाऊन बसा. तुमची अंगठी केवढ्याची होती, असें त्यांस विचारा. बहुतेकांस आठवणार नाहीं, आणि कित्येकांच्या बोटांत त्या वेळीं अंगठीच नव्हती. मग लग्न कोणीं ठरविलें, पहिलें बोलणें काय झालें, साखर कोणीं वांटली, असें विचारा, आणि ऐकत बसा. जेवण थंड होईल, तरी बोलणें संपणार नाहीं.

ज्या परमेश्वरानें या जोडप्यांचा शब्द पन्नास वर्षें सांभाळला, तो तुमचाही शब्द सांभाळो, आणि आपल्या सर्व कुटुंबांवर त्याची कृपा अखंड राहो.