सणाची पंगत



आज सणाच्या जेवणाबद्दल बोलू. तोंडाला पाणी सुटेल, पण थोडं थांबा.

होळीचा दिवस घ्या. सकाळीच हरभऱ्याची डाळ शिजत घालायची. शिजली की पाणी निथळून घ्यायचं. त्याची आमटी होते. डाळीत गूळ घालून पुरण आटवायचं आणि पाट्यावर नाहीतर पुरणयंत्रातून वाटायचं. कणीक मळायची, चांगली तिंबायची. मग एकेक पोळी लाटायची, भाजायची. भात, भजी, कुरडया आहेतच. घर मोठं असलं तर बाई दुपारपर्यंत चुलीपुढून हलत नाही.

मग पानं मांडतात. आधी देवाला नैवेद्य. गाईला घास. मग पोरं, पुरुष, पाहुणे. "आणखी एक घ्या ना, भाऊजी!" असा आग्रह होतो. त्यानंतर सासूबाई आणि जावा. सगळ्यांत शेवटी धाकटी सून. तिच्या ताटात काय येतं? फाटलेली पोळी आणि तळाची आमटी. कधी पोळी संपलेलीच असते. मग आमटी-भातावर तिचा सण होतो. हे कुणी मुद्दाम करत नाही. "तुला उरलं का गं?" एवढं विचारायचं राहून जातं.

बरं, हे सणापुरतंच आहे का? पुष्कळ घरांत रोजची रीतही हीच. २०१९ ते २०२१ या काळात सरकारी पाहणी झाली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याला कारणं अनेक आहेत. पोटाला पुरेसं आणि सकस न मिळणं, हे त्यातलं एक मोठं.

आपल्या माणच्या शिवारात आता आयटी पार्क उभा आहे. तिथल्या कितीतरी कंपन्यांचं काम अमेरिकेशी चालतं. त्या अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी मोठा सण असतो. देवाचे आभार मानायचा दिवस. लिंकन अध्यक्ष असताना, १८६३ साली, तो देशभर पाळायला सुरुवात झाली. टर्की नावाचा कोंबडीपेक्षा मोठा पक्षी सबंध भाजतात. त्याला काही तास लागतात. तिकडेही रांधायचं काम बहुतेक बाईकडेच येतं, हं! पण जेवायला सारं घर एका टेबलाभोवती बसतं. रांधणारीही त्यात असते.

आपल्याला टर्की नको. आपली पुरणपोळी झकास आहे. पण पंगत एक करता येईल की.

होळीला करून पाहा. पोळ्या मोजून करा, आणि मोजताना रांधणारीच्याही धरा. लहान पोरं आणि म्हातारी माणसं हवी तर आधी जेवू द्या. बाकीच्यांनी थांबावं. पोळ्या गार होतील म्हणाल, तर फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवा, मऊ राहतात. पाणी, मीठ, आमटी दादांनी वाढावी. आजी विचारतील, "बाप्यांच्या आधी बाया कशा जेवतील?" आधी नको, आजी. बरोबर. आणि तुपाची वाटी त्या दिवशी पहिल्यांदा धाकट्या सुनेकडे सरकवा.